गायरीतला किडा आणि माडावरचा भुंगा

माड मेला की आमच्या गावात आधी माणूस शोधतात. कोणाची दृष्ट लागली, कोणी मुळाशी काय पुरलं, कोणाचा हात वाईट. किडा शोधायचं काम सगळ्यांत शेवटी, तेही कोणी हट्ट धरला तर. मी आज सव्वीस वर्षांचा आहे. जे सांगतोय ते घडलं तेव्हा वीस-एकविसाचा होतो, नवं राज्य नुकतंच झालं होतं, आणि छापलेल्या कागदानं माणसं शहाणी होतात असा माझा ठाम समज होता. त्या वर्षी छापलेल्या कागदानं एका माणसाचं काम गेलं. कागद माझा होता.

आमचं गाव खाडीच्या कडेला. भात पावसापुरतं, मासे ज्याची होडी त्याला, आणि माड सगळ्यांना. ज्याला काही नाही त्याच्याही दारात दोन माड असतात. त्यामुळे माडाला भुंगा लागला ही बातमी कोणाच्या एकट्याच्या घरची राहत नाही.

भुंग्यानं खाल्लेला माड ओळखायला शिकावं लागत नाही. शेंड्यातला मधला कोंब अजून मिटलेला असतानाच भुंगा त्याच्या आरपार भोक पाडतो, आतला रस चोखतो आणि चोथा बाहेर ढकलतो. मग कोंब उलगडतो तेव्हा पानाला दोन्ही बाजूंनी सारख्या त्रिकोणी खिडक्या पडलेल्या असतात, घडी घातलेल्या कागदावर कात्री चालवून मग तो उघडावा तशा. मोठा माड हे सोसतो, फळ कमी धरतो, पण उभा राहतो. चार-पाच वर्षांचं झाड सोसत नाही. त्याचा गाभा कुजतो, आणि एक दिवस मधला कोंब हातानं नुसता ओढला तरी म्यानातून सुरी यावी तसा बाहेर येतो, घाण वास मारत.

त्या पावसाळ्यात असे सात लहान माड गेले, आणि ते सातही भाटकारांचे. गावातली सगळ्यांत मोठी बाग ज्यांची, त्यांना आमच्याकडे भाटकार म्हणतात. हे गृहस्थ वाईट होते असं मी म्हणणार नाही, जरी पुढे त्यांच्यावर मी पुष्कळ चिडणार आहे. ते सात कवाथे, म्हणजे लहान माड, त्यांनी स्वतःच्या हातानं लावले होते. उन्हाळ्यात गडी आजारी पडला तर स्वतः घागर उचलून पाणी घालत. शेवटचा कोंब हातात आला तेव्हा ते बागेतच खाली बसले. मी पाहिलंय.

आता पाडेल्याबद्दल. माडावर चढून नारळ पाडतो तो पाडेली. वर गेलाच आहे तर सुकी चुडतं, म्हणजे झावळ्या, तोडायच्या, शेंडा साफ करायचा आणि भुंगा दिसला तर तारेच्या आकडीनं ओढून काढायचा, हेही त्याचंच काम. माडामागे एक नारळ ही त्याची मजुरी. आमच्या वाडीचा पाडेली पन्नाशीचा होता, उन्हानं काळा पडलेला, तळपायांना घट्टे, बोलायला कमी. मी त्याला मामा म्हणायचो. नात्यानं नव्हे, वाडीच्या रीतीनं. त्याची बायको ती मामी. मामी रोज सकाळी भाटकारांच्या गोठ्यात शेण काढायची.

त्या वर्षी मी पत्रकं लिहीत होतो. पत्रकं लिहिण्यात माझा हात नव्या राज्यासाठीच्या चळवळीत बसला होता. पुढे खाडीवरच्या तरीच्या भाड्यावर, रॉकेलच्या काळ्या बाजारावर, न झालेल्या रस्त्यावर, असं जे दिसेल त्यावर लिहिलं. म्हणून शेतकी कचेरीतल्या एका साहेबांनी मला बोलावून घेतलं आणि पोस्टकार्डाएवढा एक कागद हातात दिला. म्हणाले, "आमची भाषा लोकांना कळत नाही. तुमची कळते. माडाच्या भुंग्यावर एक चांगलं पत्रक काढा."

मी काढलं. पिवळ्या कागदावर, ठळक टायपात. त्यात चार सांगणी होती. शेणाचा खड्डा, म्हणजे आमची गायरी, वरचेवर उलटवा. कुजलेली खोडं जाळा, व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, साकव म्हणून आडवी टाकलेली असली तरी जाळा. भुंगा आकडीनं काढा. आणि खोडाला चढण्यासाठी खाचा मारू देऊ नका, जखमेच्या वासानं भुंगा येतो.

ही चौथी ओळ ज्या किड्याची होती तो किडाच वेगळा. तो तांबडा, लांब सोंडेचा, खोडात शिरणारा. शेंडा खाणारा आमचा भुंगा काळा, नाकावर शिंग असलेला, त्याला खोडाच्या जखमेशी काही देणंघेणं नाही. साहेबांच्या कागदात दोघांना एकाच मथळ्याखाली कोंबलं होतं. आणि मी दोहोंपैकी एकही तोवर हातात घेऊन पाहिला नव्हता. माडाच्या सावलीत जन्मलेला माणूस मी, पण वर काय चालतं ते मला ठाऊक नव्हतं आणि गायरीत काय चालतं तेही नव्हतं. गायरी का उलटवायची, हे साहेबांच्या कागदात नव्हतं, म्हणून माझ्याही नव्हतं. अक्षर सुंदर होतं एवढंच.

पत्रक देवळातल्या बैठकीत भाटकारांनी स्वतः मोठ्यानं वाचलं. गायरीची ओळ आली तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "गायरी उलटली तर शेणातलो उबारो जातलो. शेतात काय वारो घालूचो?"

साकवाची ओळ आली तेव्हा दुसरा म्हणाला, "साकव जाळून आमी व्हाळावरसून उड्यो मारूच्यो काय? तो पत्रकवालो मारीत, तेचे पाय लांब आसत."

सगळे हसले. मीही हसलो. आकडीच्या ओळीला कोणी काही बोललं नाही. मग चौथी ओळ आली आणि हसणं थांबलं. एकेक मान वळली, आणि पायरीच्या कडेला बसलेल्या मामाकडे सगळे बघू लागले.

भाटकारांनी कागदाची घडी घातली. "उद्यापासून माझ्या बागेत चढू नको," ते म्हणाले.

"भाऊनू, खाचो मी मारूक नाय," मामा म्हणाला. "त्यो माझ्या आजाच्या वेळेच्यो. मी नुसतो तेंच्यार पाय ठेवतंय."

"कागदार लिवलेला आसा."

"कागदार माझा नाव आसा?"

"नाव कित्याक व्हया? माडार तुझ्याशिवाय कोण चढता?"

मी तिथेच खांबाला टेकून बसलो होतो. उठून बोलायला हवं होतं. बोललो नाही, कारण माझं लिखाण देवळात वाचलं जातंय या आनंदात मी होतो. हे लिहायला लाज वाटते, म्हणूनच लिहितो. पूर्वी असला निवाडा देवाकडे जायचा. कौल लावायचे, पाकळी उजवी पडायची किंवा डावी, माणसाला निदान अर्धी संधी असायची. माझ्या कागदानं तीही ठेवली नाही. चार ओळींतल्या ज्या दोन ओळींनी गावाला घाम गाळावा लागला असता त्या गावानं हसून सोडल्या, आणि जिच्यासाठी दुसऱ्याच कोणाला तरी भोगावं लागणार होतं ती एक उचलली. संध्याकाळपर्यंत वाडीतल्या सगळ्यांनी मामाला तसाच निरोप पाठवला. आमच्या नऊ माडांसाठी माझ्या आईनंही पाठवला.

"गाव एकीकडे आनी आमी एकीकडे कशी जातलो?" आई म्हणाली. "आनी कागद तुझोच मां?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आणि मामी आमच्या ओट्यावर येऊन बसली. मामाच्या हातात ते पिवळं पत्रक, मामीच्या हातात दोन करवंट्या एकीवर एक पालथ्या घातलेल्या.

"ह्या वाच," मामा म्हणाला. "काल तेंनी वाचल्यानी. आता तू वाच. तुझा आसा मां?"

मी वाचलं.

"खाचेच्या वासान भुंगो येता, ह्या तू बघलंस?"

"नाय."

"मगे कोणी बघल्यान?"

"कचेरीतल्या साहेबांनी."

"तेंका माडार चढाक येता?"

घरात आईनं भांडं आपटलं, पण मला वाटतं ती हसली. मामीनं वरची करवंटी उचलली. आत काळाकुळकुळीत, अंगठ्याएवढा भुंगा उताणा पडून पाय झाडत होता. नाकावर आखूड शिंग.

"शेवटच्या माडारसून काडलंय," मामा म्हणाला. "आकडी कडेक लागली म्हणान जीतो रवलो. नायतर वरच चिरडून टाकतंय."

"ही बायल," मामी म्हणाली. "मागे तांबडे केस आसत बघ. दादल्याक इतके नसतत."

मी विचारलं, "मामी, तुका कसा ठाव?"

"गायरी कोण खणता? तू खणतंस?"

मग तिनं सांगितलं, आणि माझ्या आयुष्यात मी इतकं काळजीपूर्वक क्वचितच कोणाचं ऐकलं असेल. दर वैशाखात भाटकारांची गायरी ती आणि आणखी दोघी जणी खणतात. शेणात बोटाएवढाले पांढरे किडे असतात, तांबूस डोक्याचे, अर्धगोल वळलेले. सगळ्या बायका ते ओळखतात. ते शेण पिकवतात, किडे दिसले म्हणजे खत झालं, असं सासूनं सुनेला सांगितलेलं असतं, म्हणून त्यांना कोणी मारत नाही. त्याच्याखाली, खड्ड्याच्या तळच्या मातीत, कोंबडीच्या अंड्याएवढी मातीची घरं सापडतात. त्यातलं एखादं फुटलं तर आत पिवळसर, हातपाय पोटाशी दुमडलेलं काहीतरी असतं, त्याला शिंग आलेलं असतं. आणि एखाद्या घरात हाच, काळा.

"माका वाटला शेणातलोच किडो, शेणात रवता," ती म्हणाली. "हो माडार जाता ह्या आज कळला. माडारचो भुंगो माका कोणी दाखवलोच नाय कदी."

मामा तिच्याकडे वळला. "तीस वर्सां झाली आमका. एकदा तरी सांगूचा."

"तुमी कदी इचारल्यात? तुमी वर, मी खाली. जेवताना कोण किड्यांचा बोलता?"

मला त्या क्षणी जो राग आला तो अजून उतरलेला नाही. भुंगा कुठून येतो हे आमच्या वाडीत अर्धं एका माणसाला माहीत होतं आणि अर्धं त्याच्या बायकोला. दोघं एकाच चुलीवरचं जेवत होती. कचेरी, छापखाना, देऊळ, भाटकार आणि मी, यांतल्या एकालाही त्या दोघांना एकत्र बसवून विचारावंसं वाटलं नव्हतं. आम्ही त्यांना सांगायला निघालो होतो.

दुपारी मी एक रॉकेलचा रिकामा डबा वरून कापला, तळाला बोटभर माती घातली, तिच्यावर मामीनं आणून दिलेलं जुनं शेण भरलं आणि ती मादी आत सोडली. वर जुन्या चाळणीची जाळी बांधली. गावाला दाखवायचं तर डोळ्यांसमोर वाढवूनच दाखवायला हवं होतं. कार्तिक चालू होता. वैशाखाच्या आधी, गावबैठकीत पुढच्या वर्षीचे माड कोणाकडे ते ठरतं. तोवर हे व्हायला हवं होतं, नाहीतर मामाचे माड कायमचे जाणार होते, कारण भाटकारांनी खाडीपलीकडच्या एका पाडेल्याशी बोलणं लावलं होतं.

पुढचे सहा महिने मी त्या डब्याची चाकरी केली. पंधरवड्यात शेणाच्या आत एकेकटी अंडी सापडली, आधी तांदळाच्या कणीसारखी लांबट, मग पाणी प्यायल्यासारखी फुगून भिजल्या साबुदाण्याएवढी गोल. त्यांतून निघालेले किडे पहिल्या दिवशी इतके नाजूक होते की अंगातून शेण दिसायचं. डोकं मात्र पहिल्यापासून तांबूस आणि कडक. ते खात. रात्रंदिवस दुसरं काहीच करत नसत. खाऊन अंग मावेनासं झालं की कात टाकत, डोक्याच्या टोपीसकट, आणि नव्या मोठ्या डोक्यानं पुन्हा खायला लागत. मागे काळ्या चौकोनी गोळ्या पडत, चहाच्या भुकटीसारख्या. त्यांच्या दोन्ही कुशींवर तपकिरी ठिपक्यांची रांग असते, श्वास घ्यायची. हे मी भिंग घेऊन पाहिलं.

आणि ते मरत. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माडाला मारणारा किडा म्हणजे दणकट असणार असं वाटलं होतं. एकदा आईनं डबा उन्हात सरकवला, वरच्या थरातले सगळे सुकून गेले. एकदा मी घाबरून पाणी जास्त घातलं, शेण आंबलं, चार बुडून मेले. दोघांना बुरशी लागली. ते आधी खडूसारखे कडक झाले आणि मग अंगावर हिरवी भुकटी आली. एका सकाळी आमच्या कोंबडीनं जाळी उचकटली आणि सहा खाल्ले. आई म्हणाली, "तिका कळता, तुका कळना नाय." सुरुवातीला ओंजळभर अंडी होती, पौषाच्या शेवटी चार किडे उरले. गायरीत मात्र यांचं सगळं बरं चालतं. ऊन नाही, पाणी साचत नाही, कोंबडीची चोच पोचत नाही, ऊब आहे, खायला अख्खा खड्डा आहे, आणि वर्षभर कोणी ढवळत नाही. किड्यांसाठी याहून चांगली सोय सरकारनंही केली नसती. ती आम्ही केली होती, घरोघरी, दारापासून दहा पावलांवर, आणि तिला शेताचा कस म्हणत होतो.

या सहा महिन्यांत मामा चिऱ्याच्या खाणीवर जात होता. पन्नाशीत, तीस वर्षं माडावर गेलेला माणूस, खाली बसून तांबडा दगड फोडत होता. संध्याकाळी परतताना त्याच्या भुवयाही तांबड्या असत. मी दुसरं पत्रक काढलं, चौथी ओळ माझी चूक आहे असं स्पष्ट लिहून. ते घेऊन भाटकारांकडे गेलो. त्यांनी उभ्यानंच वाचलं आणि परत दिलं.

"एकदा ह्या, एकदा त्या," ते म्हणाले. "छापखानो तुझ्या बापाचो काय रे? पयलो कागद सरकारी होतो. हो तुझो."

कचेरीतल्या साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "पुढच्या खेपेला दुरुस्त करू." मी म्हणालो, साहेब, एका माणसाचं काम गेलंय. ते म्हणाले, "तसा आमचा उद्देश नव्हता." हे वाक्य मी तेव्हापासून पुष्कळ ठिकाणी ऐकलं आहे आणि दर वेळी माझं डोकं तसंच फिरतं.

खाडीपलीकडचा पाडेली आला आणि त्याच माडांवर चढला. माघात भाटकारांचा आणखी एक लहान माड गेला. कोणी म्हणालं, जुन्या पाडेल्याची बाधा अजून उतरली नाही. म्हणजे मामा माडावर असला तरी दोषी आणि खाणीत असला तरी दोषी. मी ओरडलो, भांडलो, गावातल्या दोघांशी बोलणं सोडलं. उपयोग झाला नाही.

फाल्गुनात चारांपैकी दोघांनी खाणं सोडलं. अंग पिवळट पडलं, सुरकुतलं, आणि ते खाली मातीत उतरले. आठवड्यानं मी बोटानं चाचपून पाहिलं तर मातीची दोन घरं झाली होती, आतून गुळगुळीत. एकाला मी टाचणीनं बारीक भोक पाडलं. आत तो निजला होता, पाय छातीशी घेतलेले, मिटल्या पंखांची छाप अंगावर, आणि नाकावर शिंग. घराला हात लागला की कमरेपासून वळवळायचा. मामी बघायला आली, भोकाला डोळा लावला आणि म्हणाली, "होच तो. ह्याच मी सांगलंय."

चैत्राच्या अखेरीला बैठक होती. त्या सकाळी एक घर आतून फुटलेलं होतं आणि त्यात भुंगा बसून होता, पंख अजून तांबूस, कवच पुरतं वाळायचं होतं. मी डबा तसाच उचलून देवळात नेला. सगळ्यांसमोर ठेवला. मादी कुठली, अंडी कधी, किडे किती मेले, सगळं सांगितलं. आयुष्यात मी इतकं चांगलं भाषण केलं नव्हतं.

भाटकार डब्यात डोकावले. "भुंगो तूच घातलंस," ते म्हणाले.

"मी सहा महिने..."

"सहा म्हयने डबो तुझ्याच ओट्यार होतो मां? मगे?"

मागून कोणी म्हणालं, "उद्या डब्यातसून नारळ काडून दाखयतलो." हशा झाला. मी त्यांना एक कागद मानायला लावला होता, तेव्हा त्यांनी पुरावा मागितला नव्हता. आता पुरावा होता आणि ते कागदाला चिकटून होते.

बायका मंडपाच्या डाव्या अंगाला बसतात. तिथून मामी उठली. तिचं शेणाचं काम भाटकारांच्याच गोठ्यात होतं, आणि खाणीवरच्या मजुरीत दोघांचं भागत नव्हतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"भाऊनू, डबो रवांदे," ती म्हणाली. "परवा तुमची गायरी खणूची आसा. दर वर्साक मीच खणतंय. औंदा तुमी काठार उभे रवा."

"माका शेणात उभो करतंस?"

"शेण तुमचाच आसा."

पुन्हा हशा झाला, पण या वेळी तो भाटकारांना झोंबला. ते म्हणाले, "येतंय."

गायरी उघडायचा दिवस म्हणजे आमच्याकडे लहानसा सणच. खड्ड्याच्या काठावर नारळ फोडतात आणि मग पहिली पाटी भरतात. त्या दिवशी निम्मं गाव आलं होतं. भाटकार पांढरं धोतर सावरून काठावर उभे. मामीनं पहिलं खोरं मारलं आणि किडे निघाले. एक-दोन नव्हे, खोऱ्याखोऱ्याला. पांढरे, गुबगुबीत, उजेडात येताच आतल्या आत वळणारे. तिनं एक रिकामी पाटी मागितली आणि ते पाटीत टाकायला लागली. बायकांना त्यात नवल नव्हतं, पुरुषांना होतं. खड्ड्याचा तळ लागला तेव्हा तिनं मातीतून एक घर उचललं, वर आली, भाटकारांच्या तळहातावर ठेवलं आणि अंगठ्यानं फोडलं. आतून भुंगा चालत बाहेर आला, त्यांच्या मनगटाकडे.

भाटकारांनी तो झटकला नाही.

"असे दर वर्साक असतत?"

"दर वर्साक."

"तू काय करीस तेंचा?"

"शेणाबरोबर शेतात. तुमच्याच घरात सांगतत मां, शेण पिकवतत म्हणान."

त्यांनी मामाला बोलावणं पाठवलं. मामा खाणीवरून तसाच आला, तांबड्या अंगानं. गावानं वाट करून दिली. मला वाटलं होतं, आता कोणी तरी दोन शब्द बोलेल. चूक झाली, एवढंच. कोणी बोललं नाही. भाटकार म्हणाले, "सोमवारपासून ये." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कागदार तसा लिवलेला होता." हे खरं होतं. पण कागद वाचून दाखवणारा, मान डोलावणारा आणि निरोप पाठवणारा कागद नव्हता, माणसं होती, आणि सहा महिने खाणीत घालवलेल्या माणसाला त्यांतल्या एकानंही विचारलं नाही की बाबा, पाठ कशी आहे.

मामानं मात्र लगेच हो म्हटलं नाही. तो खड्ड्यात उभ्या असलेल्या बायकोकडे बघून म्हणाला, "येतंय. पण आदी ही तुमची गायरी बघतली. किडो गावलो तर मी चढूचंय नाय."

"ह्या नवीन काय काडलंस?" भाटकार म्हणाले.

"वर भुंगो गावलो तर तुमी माका धरतास. खाली किडो गावलो तर मी कोणाक धरू?"

गावात यावरून फार बोललं गेलं. पाडेल्याला माज आला, बायकोला डोक्यावर चढवली. ज्यांनी त्याला सहा महिने बाहेर ठेवलं तेच आता अपमान झाल्यासारखे फिरत होते. पण नारळ पिकले होते, खाडीपलीकडचा पाडेली गावातली गडबड ऐकून परत येईना, आणि वर चढायला दुसरं कोणी नव्हतं. तेव्हा घरोघरी गायऱ्या उपसायला लागल्या. माझ्या पत्रकानं जे झालं नव्हतं ते मामाच्या नकारानं आठ दिवसांत झालं.

आमच्याकडे ती दोघं शेवटी आली. मामानं दोर खांद्यावरून काढून पायात अडकवायला घेतला. मामी सरळ गोठ्यामागे गेली, आमच्या गायरीत कोपरापर्यंत हात घातला, आणि एक किडा काढून काठावर ठेवला. मग दुसरा.

"वयनी, आज नाय," ती आईला म्हणाली.

"अगो, दोनच मां."

"दोनाचे किती होतत ता तुमच्या झिलाक इचारा. तेणी पाळलेत."

मामानं दोर पुन्हा खांद्यावर टाकला. आई संतापली. वर्षानुवर्षं या घरात जेवून गेलेला माणूस, आणि आता तपासण्या करतो. मी तिला म्हटलं, आई, तूच त्याला निरोप पाठवला होतास. ती म्हणाली, "आनी कागद कोणी लिवलोलो?" आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांना खरं तेच ऐकवत होतो. शेवटी मी खोरं घेतलं. दोन दिवस लागले. एकवीस वर्षं मी त्या घरात राहिलो होतो आणि आमची गायरी किती खोल आहे हे मला त्या दोन दिवसांत कळलं. हाताला फोड आले. किडे मी पाटीत भरले आणि कोंबड्यांपुढे ओतले.

तिसऱ्या दिवशी मामी परत आली. तिनं चार ठिकाणी हात घातला, तळची माती बोटांनी फोडून पाहिली, घाई केली नाही. हात रिकामा निघाला. तिनं मामाकडे बघून मान हलवली आणि हात धुवायला पाणी मागितलं. आई घरात निघून गेली. पाणी मी आणलं. मी ते मामीच्या हातांवर ओतत होतो तोवर मामा पहिल्या माडाच्या मध्यावर पोचला होता.